मांजराची खोड की मांजराचं दुखणं?

सकाळची घाई असते. डबे भरायचे असतात, मुलांची स्कूल व्हॅन यायची असते आणि तेवढ्यात तुमच्या लक्षात येतं की पलंगावरच्या कालच बदललेल्या चादरीवर तुमच्या लाडक्या मन्याने शू केली आहे. काल बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर केली होती, परवा सोफ्याच्या कोपऱ्यात. त्याचा ट्रे तर नेहमीच्या जागीच आहे आणि इतके दिवस तो शहाण्यासारखा तिथेच जात होता. मग घरात एकच सूर लागतो, 'हा बोका हल्ली फार माजलाय!' कुणी त्याचं नाक त्या डागावर घासतं, कुणी त्याला बाल्कनीत कोंडतं. आजी म्हणतात, 'सोडून या त्याला मंडईत. उंदीर खाऊन जगेल.'

मांजर पाळणाऱ्या कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने हेच घडतं. पण चादरीवरचा तो डाग एकदा नीट पाहा. तो केवढा आहे? नेहमीसारखा पसरलेला आहे की जेमतेम नाण्याएवढा? त्यात गुलाबी झाक तर नाही ना? मन्या दिवसभरात सात-आठ वेळा ट्रेमध्ये जाऊन, बसून, काहीच न करता बाहेर येतोय का? तसं असेल तर तो माजलेला नाही, त्याची लघवी अडली आहे. पुढचे काही तास त्याच्या जिवासाठी महत्त्वाचे आहेत.

मांजराच्या बाबतीत आपण सगळ्यात मोठी चूक इथेच करतो. ज्याला आपण खोड म्हणतो ते बऱ्याचदा दुखणं असतं. म्हणून मांजराची एखादी सवय अचानक बदलली, तर रागावण्याआधी त्याची तब्येत तपासायची. मग कधी काय तपासायचं, ते पाहू या.

मांजर दुखणं का लपवतं?

कुत्र्याचा पाय दुखला की तो विव्हळतो, लंगडतो, तुमच्याजवळ येऊन बसतो. मांजर असं करत नाही. आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. ती एकेकटी राहायची, एकट्याने शिकार करायची आणि मोठ्या प्राण्यांची शिकारही व्हायची. अशा प्राण्याने अशक्तपणा दाखवला तर त्याचा जीव जाणार. तीच सवय तुमच्या सोफ्यावर लोळणाऱ्या मनीतही उतरली आहे. ती आजारी पडली की पलंगाखाली, कपाटामागे जाऊन गप्प बसते आणि आपल्याला वाटतं, 'आज झोपली आहे बिचारी.'

आणखी एक गैरसमज. मांजर गुरगुरतंय म्हणजे ते खूश आहे, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दुखत असताना किंवा घाबरलेलं असतानाही मांजर गुरगुरतं. त्यामुळे केवळ गुरगुरण्यावरून निष्कर्ष काढू नका.

चेहरा वाचायला शिका

कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. त्यात फक्त पाच गोष्टी पाहायच्या असतात.

कान: बरं वाटत असेल तर ते उभे आणि पुढे वळलेले असतात. दुखत असेल तर बाहेरच्या बाजूला फिरतात आणि दोन कानांतलं अंतर वाढतं.

डोळे: बरं असेल तर उघडे. दुखत असेल तर आवळून बारीक केलेले.

तोंडाचा पुढचा भाग: बरं असेल तर सैल आणि गोलसर. दुखत असेल तर ताणलेला, लांबट.

मिश्या: बरं असेल तर सैल, खाली वळलेल्या. दुखत असेल तर सरळ, ताठ, पुढे आलेल्या.

डोकं: बरं असेल तर खांद्यांच्या वर. दुखत असेल तर खांद्यांच्या रेषेखाली झुकलेलं.

प्रत्येक गोष्टीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा त्याहून जास्त गुण झाले तर मांजराला वेदना होत असण्याची शक्यता मोठी, हे समजून डॉक्टरांना दाखवायचं. मात्र मांजर झोपलेलं असताना, खाताना, अंग चाटताना किंवा ओरडत असताना असे गुण देऊ नका. ते शांत बसलेलं असताना अर्धा मिनिट पाहा. आज तुमचं मांजर ठणठणीत असेल तर आजच त्याचा समोरून एक फोटो काढून ठेवा. पुढे कधी शंका आली तर ताडून पाहायला तो उपयोगी पडेल.

ट्रेबाहेर शू: आधी कारण शोधा

मांजरं रस्त्यावर सोडली जाण्यामागे हे एक मोठं कारण असतं आणि यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. याची मुख्य कारणं पाच.

१. लघवी अडणं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे, खर किंवा सूज यामुळे तो बंद होतो. मग बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, जोर करतो, ओरडतो, लघवीची जागा सतत चाटतो. बघणाऱ्याला वाटतं, त्याला बद्धकोष्ठ झालंय. लघवी साचली की मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी 'सकाळी बघू' म्हणू नका. पोट दाबून पाहू नका, घरगुती काढा देऊ नका. रात्रीचे बारा वाजले असले तरी जवळ उघडा असलेला प्राण्यांचा दवाखाना शोधा आणि फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा, 'बोका आहे, लघवी होत नाही.' नसबंदी झालेला, घरातच राहणारा, थोडा जाड आणि फक्त कोरडं खाणं खाणारा बोका असेल तर जास्तच सावध राहा.

२. मूत्राशयाची सूज. तरुण मांजरांमध्ये ही बऱ्याचदा जंतुसंसर्गाशिवाय होते आणि तिचा संबंध ताणाशी असतो. घराला रंग दिला, पाहुणे राहायला आले, बाळ जन्माला आलं, दुसरं मांजर आणलं, दिवाळीत फटाके फुटले. आपल्याला हे किरकोळ वाटतं, मांजराला नाही. नाक घासणं किंवा कोंडणं इथे उलटं काम करतं. मांजराला शिक्षेचा आणि त्या डागाचा संबंध कळत नाही. त्याला फक्त भीती कळते. भीतीने ताण वाढतो आणि ताणाने दुखणं बळावतं. डॉक्टरांच्या उपचारांबरोबर जास्त पाणी, ओलं खाणं, लपायला एक शांत जागा आणि ठरलेलं वेळापत्रक यांचा चांगला उपयोग होतो.

३. लघवीचं प्रमाणच वाढणं. डाग मोठा आहे, ट्रे लवकर भरतोय, मांजर सारखं पाण्याच्या भांड्यापाशी दिसतंय, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. वय सात-आठ वर्षांच्या पुढे असेल तर रक्त आणि लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा आजार लवकर लक्षात आला तर योग्य आहारावर मांजर पुढे चांगलं जगू शकतं.

४. ट्रेच आवडत नाही. ट्रे दिवसातून एकदा तरी साफ होतो का? तो वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे का, जिथे अचानक धडधड सुरू होते? नुकतंच वेगळ्या वासाचं लिटर आणलं का? ट्रे इतका लहान आहे का, की मांजराला वळताही येत नाही? साधा नियम असा: ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट असावी, सुगंध नसलेलं लिटर वापरावं आणि जितकी मांजरं असतील त्यापेक्षा एक ट्रे जास्त असावा. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे, तेही एकाच कोपऱ्यात रांगेने नकोत. फ्लॅट लहान असेल तर निदान दोन वेगळ्या जागा तरी करा. खाण्याची भांडी ट्रेपासून लांब ठेवा. जेवायच्या जागी शी-शू करायला मांजरालाही आवडत नाही.

५. खुणा करणं. मांजर उभं राहून, शेपटी वर करून, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडी लघवी उडवत असेल तर ते आपली हद्द आखत असतं. नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये हे जास्त दिसतं आणि नसबंदीनंतर बहुतेकांमध्ये थांबतं किंवा खूप कमी होतं. खिडकीबाहेर फिरणारं परकं मांजर पाहूनही असं होतं. मग त्या खिडकीचा खालचा भाग झाकून पाहा.

डाग साफ करण्यासाठी फिनेल वापरू नका. मांजराच्या यकृताला त्यातली रसायनं पचवता येत नाहीत. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. अमोनियाचा वास असलेली क्लीनरही नकोत, कारण तो वास लघवीसारखाच असतो आणि मांजर पुन्हा तिथेच येतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमयुक्त क्लीनर सगळ्यात चांगलं.

खाणं सोडलं तर उपवास समजू नका

माणूस दोन दिवस जेवला नाही तर त्याचं फार बिघडत नाही. मांजराचं बिघडतं. मांजराने खाणं बंद केलं की शरीरातली चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साचते. जाड मांजरांना याचा धोका जास्त. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानेही यकृत निकामी होऊ लागू शकतं. म्हणून मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. लहान पिल्लू असेल तर तेवढीही वाट पाहू नका. जाड मांजराला बारीक करण्यासाठी उपाशी ठेवणं हा तर भलताच उपाय झाला. त्याचं वजन डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळूच कमी करायचं असतं.

कधी कधी मांजराला खायचं असतं, पण खाता येत नाही. भांड्यापाशी येतं, वास घेतं, एक घास घेऊन मान झटकतं आणि निघून जातं. लाळ गळते, एकाच बाजूने चावतं, तोंडाला घाण वास येतो. हे दातांचं किंवा हिरड्यांचं दुखणं असतं. 'मांजराच्या तोंडाला वास यायचाच' हे खरं नाही. सर्दीने नाक बंद झालं तरी मांजर खात नाही, कारण त्याला वासाशिवाय भूक लागत नाही. अशा वेळी खाणं किंचित कोमट करून दिलं तर वास उठतो आणि ते दोन घास तरी खातं.

दूध-पोळीवर मांजर जगतं का?

आपल्याकडे मांजर म्हटलं की दुधाची वाटी आठवते. पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचा घटक लागतो. तो मांस-मासळीत असतो आणि मांजराचं शरीर स्वतः तो पुरेसा बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं तर नजर जाते आणि हृदय कमजोर होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये टॉरिनची कमतरता आणि मांजरांचा हृदयविकार यांचा संबंध दाखवून दिला आणि त्यानंतर कॅट फूडमधलं टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं.

घर शाकाहारी असेल तर हा मुद्दा अवघड वाटतो, हे खरं. पण त्यावर मार्ग आहे. स्वयंपाकघरात मांस-मासळी शिजवायची नसेल तर तयार कॅट फूड द्या. ते शक्य नसेल तर ससा, पक्षी यांसारखा शाकाहारी प्राणी पाळा, पण मांजराला शाकाहारी करू नका. डॉग फूडही मांजराला पुरेसं नाही. कोरडं खाणं देत असाल तर दिवसातून एकदा ओलं खाणं द्या आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची रुंद भांडी ठेवा. मांजराला मुळातच तहान कमी लागते, त्यामुळे पाणी त्याच्या वाटेत यायला हवं.

उलटी, ढास आणि दोरा

महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी केसांचा गोळा उलटून पडला तर काळजी नको. रोज विंचरलं तर तेही कमी होतं. पण दर आठवड्याला उलट्या होत असतील, वजन उतरत असेल तर तपासणी हवी.

मांजर जमिनीला टेकून, मान पुढे ताणून ढास लागल्यासारखं करतंय, पण बाहेर काहीच पडत नाही, असं वारंवार दिसलं तर तो केसांचा गोळा नसून दमा असू शकतो. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात गेल्यावर मांजर नेमकं ते करत नाही.

शिवणाचा दोरा, लोकर, पतंगाचा मांजा, राखीचा गोंडा यांच्याशी मांजर खेळतं आणि गिळतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत आतड्यांना काप जाऊ शकतात. आहे तसं दवाखान्यात न्या.

ओरबाडणं आणि चावणं

सोफा ओरबाडणं ही खरोखरच सवय आहे, पण वाईट सवय नव्हे. त्यातून मांजर नखांची जुनी सालं काढतं, अंग ताणतं आणि आपली खूण ठेवतं. ते बंद करता येत नाही, फक्त जागा बदलता येते. एका जाड लाकडी खांबाला किंवा जुन्या टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. तो मांजराला पूर्ण अंग ताणता येईल इतका उंच हवा आणि डुगडुगायला नको. तो सोफ्याजवळच ठेवा, कुठल्यातरी कोपऱ्यात नको. तिथे ओरबाडलं की खाऊ द्या. सोफ्याच्या कोपऱ्यावर काही दिवस जाड प्लॅस्टिक लावा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

चावण्याचं कारण अनेकदा आपणच असतो. पिल्लू लहान असताना हाताची बोटं नाचवून खेळवलं तर मोठं झाल्यावर ते हातच पकडणार. खेळायला काठीला बांधलेलं पीस वापरा आणि खेळ झाला की ते कपाटात ठेवा. कुरवाळताना शेपटी झटकू लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली की हात काढून घ्या. मुलांनाही हे शिकवा. पण आजवर प्रेमळ असलेलं मांजर एकाच जागी हात लावला की चावत असेल, तर त्या जागी दुखत असणार.

म्हातारं मांजर आळशी होतं का?

मनी आता कपाटावर चढत नाही, उडी मारण्याआधी विचार करते, पाठीवरचे केस विस्कटलेले असतात, नखं वाढलीत. आपण म्हणतो, वय झालं. अमेरिकेत २००२ मध्ये बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा त्यातल्या ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. म्हणजे ज्याला आपण आळस म्हणतो ती अनेकदा सांधेदुखी असते. डॉक्टर त्यावर औषध देऊ शकतात. तुम्ही घरी कमी उंचीच्या काठाचा ट्रे ठेवा, खिडकीपाशी पायरीसारखं स्टूल ठेवा आणि झोपायला ऊबदार जागा करा.

उलट, वय झालेलं मांजर अचानक खूप खाऊ लागलं, तरी वाळत चाललं आणि रात्री मोठमोठ्याने ओरडू लागलं तर थायरॉइडची तपासणी करा. तरुण मांजर मात्र रात्री धुडगूस घालतं ते दिवसभर झोपल्यामुळे. झोपण्याआधी पंधरा मिनिटं खेळवा आणि मग खायला द्या. पोट भरल्यावर ते झोपतं.

घरातली विषं

क्रोसिन किंवा पॅरासिटामॉल: तापाची ही साधी गोळी मांजरासाठी विष आहे. एक गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. माणसांचं कोणतंही वेदनाशामक मांजराला देऊ नका.

कुत्र्यांचं पिसवांचं औषध: त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. बाटलीवर मांजराचं चित्र आहे का, हे पाहूनच घ्या.

लिलीची फुलं: पुष्पगुच्छातल्या खऱ्या लिलीचे पराग, पान, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

याशिवाय कांदा, लसूण, चॉकलेट, डांबरगोळ्या आणि उंदराचं औषध. यातलं काही पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका. वेष्टन सोबत घ्या आणि निघा.

लस, नसबंदी आणि घरातली माणसं

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू होतं आणि दर तीन-चार आठवड्यांनी ते साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतं. ज्या पॅनल्युकोपेनिया नावाच्या रोगाने उलट्या-जुलाब होऊन पिल्लं पटापट दगावतात, त्यापासून हीच लस वाचवते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. 'आमचं मांजर घराबाहेर जातच नाही' हे कारण सांगून ती टाळू नका. विषाणू आपल्या चपलांबरोबर घरात येतात आणि मांजर खिडकीतून निसटू शकतं.

मांजर चावलं किंवा त्याने रक्त येईपर्यंत ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट लावत बसू नका. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, पण वेळेवर घेतलेली लस त्याला अडवते.

मांजरी अवघ्या चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, म्हणून नसबंदीबद्दल लवकर विचारा. 'एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत' याला कोणताही वैद्यकीय आधार नाही.

पावसाळ्यात अंगावर गोल चट्टे पडून केस गेले तर ती बुरशी असू शकते आणि ती मुलांनाही होते. घरातलं खाजेचं मलम चोळू नका, दोघांनाही डॉक्टरांना दाखवा.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजर बाहेर काढण्याची घाई नको. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या शीमधून येतो, पण तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. भाज्या स्वच्छ धुणं आणि मांस पूर्ण शिजवणं हेही तितकंच गरजेचं, कारण संसर्ग तिथूनही होतो.

वाट पाहू नका

पुढचं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

* बोका जोर करतोय, पण लघवी होत नाही.
* मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, किंवा झोपेतही मिनिटाला चाळीसहून जास्त श्वास घेतंय.
* मागचे पाय अचानक लुळे, गार पडलेत आणि ते किंचाळतंय.
* झटके येतायत किंवा हिरड्या पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या दिसतायत.
* गॅलरीतून पडलंय. वरून जखम दिसत नसली तरी. आणि हो, गॅलरीला जाळी लावायचं काम आता पुढे ढकलू नका.

नेताना मांजराला पिशवीत कोंबून स्कूटरवर नेऊ नका. कॅरियर घरात नेहमी उघडा ठेवा, आत जुनी चादर घाला, कधी त्यातच खाऊ द्या. मग ऐनवेळी धरपकड होत नाही. कॅरियर नसेल तर झाकणाची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली दोरीने नीट बांधूनही काम भागतं.

महिन्यातून एकदा मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा आणि फरक कॅलेंडरवर लिहून ठेवा. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो उतरण्यासारखं आहे. केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर कळतं.

आणि मंडईत सोडण्याबद्दल. घरात वाढलेलं मांजर तिथे उंदीर खाऊन जगत नाही. तिथली मांजरं त्याला हुसकावतात, कुत्री मागे लागतात. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही पाळीव प्राण्याला उपाशीपोटी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. शिवाय लघवी अडलेला बोका मंडईत सोडला तर तो तिथल्या पहिल्या एक-दोन दिवसांतच जाईल आणि त्याला काय होत होतं हे तुम्हाला कधी कळणारही नाही.

म्हणून उद्या सकाळी चादरीवर डाग दिसला तर मन्यावर ओरडण्याआधी पाच मिनिटं काढा. डाग केवढा आहे ते पाहा, ट्रे पाहा, त्याचा चेहरा पाहा. त्याने काल काय खाल्लं ते घरात विचारा. त्याला बोलता येत नाही. ट्रे सोडून तुमच्या चादरीवर येणं, एवढीच त्याची तक्रार.